साडेचार म्हशी

पुण्याच्या ऑफिसात मी एकदा बोलून गेले, की सी.ए. फायनलची माझी खरी परीक्षा एका म्हशीनं घेतली. सगळे खो खो हसले. हसू देत बापडे! त्यांनी चंद्री बघितलेली नाही. आणि चंद्रीच्या कासेखाली चरवी धरून बसलेल्या आक्का तर नाहीच नाही. मी त्या दोघींसमोर पहाटे पाच वाजता उभी राहिलेली बाई आहे. हातात पुस्तक नाही, पोटात चहा नाही, आणि आक्का म्हणतायत, "हां, बोल. काल काय वाचलीस?" त्यानंतर आयुष्यात कुठल्या साहेबाची भीती वाटली असेल तर शपथ.

आक्का म्हणजे कोल्हापुरातल्या माझ्या घरमालकीण. मंगळवार पेठेत त्यांचं दोन मजली घर. खाली गोठा आणि त्यांचं बिऱ्हाड, वर तीन खोल्या. गोठ्यात पाच म्हशी. संध्याकाळी त्यातल्या दोन पेठेच्या कोपऱ्यावर नेऊन बांधायच्या आणि गिऱ्हाईक येईल तशी पेल्यात थेट धार काढून द्यायची, हा त्यांचा धंदा. ते फेसाळ दूध प्यायला लोक थांबून राहत. वरच्या खोल्या मात्र फक्त मुलींना, आणि त्यातही सी.ए. करणाऱ्याच मुलींना. डॉक्टरकी शिकणारी आली, हात जोडून परत. बँकेत नोकरी करणारी आली, परत. पेठेत कुणाला याचं कारण ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं की आक्का त्यालाच उलट चार प्रश्न विचारत.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. आमचं गाव मलकापूर. तिथं स्टँडजवळ आप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मला सोडायला ते मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आक्कांनी त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पावणं, खरं सांगू का? दुसऱ्या पोरी दोन वरसात शिकून भुर्र जात्यात. ह्या सी.ए.वाल्या टिकत्यात. नापास हुत्यात आन ऱ्हात्यात. मला सारखं भाडेकरू हुडकत बसाय नको."

आप्पा मोठ्यांदा हसले. मीही हसले. पुढं फायनलचा दुसरा ग्रुप सुटला, पण पहिल्या ग्रुपला मी लागोपाठ दोनदा आपटले, तेव्हा मलकापूरच्या घरात ते हसू कुणी आठवलं असेल का, याचा मी बरेचदा विचार केला.

आता गंमत बघा. नापास होणाऱ्या भाडेकरूच बऱ्या, असं उघड म्हणणारी ही बाई आम्हाला पास करण्यासाठी रोज पहाटे जिवाचं रान करायची! आम्ही तिघी जणी होतो. आमच्या पाळ्या लावलेल्या. आज जिची पाळी, तिनं पाचला गोठ्यात हजर व्हायचं आणि दूध काढून होईपर्यंत आदल्या दिवशी वाचलेलं आक्कांना समजावून सांगायचं. आक्का शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. इंग्रजी शब्द वापरायला मुभा होती, पण त्याचा अर्थ लगेच मराठीत फोडून सांगायचा. अट एकच. "मला कळलं तर तुला कळलं. मला न्हाय कळलं तर तुला बी न्हाय कळलं." पटलं तर त्या मान वर न करता "कळलं" एवढंच म्हणत आणि ताज्या दुधाचा पेला मिळे. नाही पटलं तर नुसतं "हं." मग दिवसभर कोरा चहा. घरात पाच म्हशी आणि मी कोरा चहा पितेय, हे आईला फोनवर सांगायची सोय नव्हती.

पण अंतिम निकाल आक्कांचा नसे. तो चंद्रीचा. बाकीच्या म्हशी कुणाच्याही हाताला दूध देणाऱ्या, म्हणून परीक्षेला त्या चालत नसत. चंद्री नाजूक स्वभावाची. रेडकू पाजून बाजूला घेतलं, की कासेत पान्हा उतरायचा आणि चरवीत धार वाजू लागायची. मी "रेव्हेन्यू म्हणजे" म्हणून सुरुवात करायची. ठीक चाललं असेल तर धार चालू. मी अडखळले, दोन गोष्टींची गल्लत केली, घाबरून आवाज चढला, की धार बारीक व्हायची आणि बंद पडायची.

"पान्हा चोरला बघ," आक्का म्हणायच्या. "म्हशीला कळतंय, पोरी. जवळच्या माणसाचं मन थाऱ्यावर नसलं की ती दूध वर ओढती. काय तरी चुकतंय तुझं."

आता मी ऑडिट शिकणारी मुलगी. पुराव्याशिवाय मान डोलवायची नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मला संशय होता की आक्काच हात सैल सोडतात आणि नाव म्हशीवर घालतात. मी पाळत ठेवली. कधी डावीकडून बघितलं, कधी उजवीकडून. एकदा तर मुद्दाम ठणठणीत आवाजात साफ चुकीचं सांगितलं. धार चालूच राहिली! मी मनात म्हटलं, सापडल्या. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "म्हशीला फसवलीस. आता मला फसवून दाखव." आणि तीन प्रश्नांत मला आडवी केली. खरं काय ते मला पुढं बराच काळ कळलं नाही.

आक्कांच्या तोंडी आमची भाषा कशी मुरली होती, ते ऐकायला हवं होतं! किती वर्षं किती मुली त्या गोठ्यात येऊन बडबडून गेल्या, त्यांचं सगळं पुण्य आक्कांच्या जिभेवर जमा झालेलं. शेजारणीनं कुणाची तरी चुगली आणली, की म्हणायच्या, "सोड गं, मटेरियल न्हाय ते," म्हणजे हिशेबात धरण्याइतकं मोठं नाही. त्यांचे यजमान बावड्याच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. भला माणूस. रोज सायकलवरून उसाचं वाडं आणून म्हशींना घालायचा आणि पेपर घेऊन बसायचा. त्यांच्याकडे बोट करून आक्का खुशाल सांगायच्या, "ह्यांचं डेप्रिसिएशन कवाच संपलंय. आता नुसती भंगाराची किंमत." यजमान पेपरामागून म्हणायचे, "पर वापर चालू हाय न्हवं?" आणि आक्का तोंडाला पदर लावून हसायच्या.

म्हशींची नावंही आधीच्या भाडेकरणींनी आमच्या विषयांवरून ठेवलेली. लाथ मारायची ती कॉस्टिंग. आपल्याच तंद्रीत रवंथ करणारी ऑडिट. सतत मागं-पुढं करणारी जीएसटी. आणि लॉ, जी बसली की उठायचीच नाही. सकाळी सकाळी आक्का ओरडायच्या, "ए कॉस्टिंगे, सरक की मागं!" आणि आम्ही वर अंथरुणात पोट धरून हसायचो. फक्त चंद्रीचं नाव चंद्रीच राहिलं, कारण ती निम्मी आक्कांच्या नणंदेची होती. दोघींनी मिळून घेतलेली. ही नणंद कसबा बावड्याला राहायची. रोज संध्याकाळी स्कूटीवर कॅन अडकवून आपला निम्मा वाटा न्यायला यायची, आणि म्हशीला असलं इंग्रजी नाव ठेवायला तिची सक्त मनाई होती.

एकदा मी इम्पेअरमेंट सांगायला उभी राहिले. वहीत तीन पानं टिपणं. "आक्का, एखादी मालमत्ता कागदावर मोठ्या किमतीची दिसते, पण तिच्यातून पुढं तेवढं उत्पन्न येणार नसतं. मग..." आक्कांनी हात वर केला. "भाकड म्हस. कळलं." माझी तीन पानं दोन शब्दांत संपली! मी पेलाभर दूध पीत जिना चढले तेव्हा मला वाटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा या गोठ्यात आणून उभा करायला पाहिजे.

पण एका प्रकरणाला मला काही केल्या "कळलं" मिळेना. आणि नेमकं तेच मला दोनदा घेऊन बुडालं होतं.

एका कंपनीच्या ताब्यात दुसरी कंपनी असली, की दोघींचा ताळेबंद एकत्र मांडायचा. आम्ही त्याला कन्सॉलिडेशन म्हणतो. दोन्ही वेळा मी तिथंच घोटाळा केला होता. दुसऱ्या खेपेचा निकाल लागला त्या रात्री आप्पांचा फोन आला. रागावले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आपल्या पतसंस्थेत जागा निघालीया. चेअरमन म्हणत्यात, लगेच घेतो. मी त्यास्नी म्हटलं, एक खेप थांबा. ही शेवटची बघ. न्हाय झालं तर गुमान घरला यायचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आठ वर्षं मी सी.ए. सी.ए. करत होते. पतसंस्थेचं काउंटर, समोर स्टँड, आणि आप्पांच्या दुकानातून दिसणारी मी, असं चित्र डोळ्यांपुढून जाईना. मला ते नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

तिसऱ्या खेपेला दोन महिने उरले होते. पाळी माझी. मी घसा साफ करून सुरू केलं. "आक्का, एका कंपनीनं दुसरीचे साठ टक्के शेअर घेतले. दोघींचा ताळेबंद एकत्र करायचाय. तर दुसरीची मशिनरी..."

"किती धरायची?"

"साठ टक्के," मी म्हणाले, आणि जीभ चावली. "नाही नाही, सगळी! शंभर टक्के. आणि मग चाळीस टक्के ते... वजा... नाही, वेगळं दाखवायचं..."

चंद्रीनं पाय हलवला. धार बंद.

"साठ का शंभर?"

"पुस्तकात शंभर आहे."

"तुझ्या डोक्यात किती हाय?"

माझ्या डोक्यात साठच होतं! साठ टक्के आपली, तर साठ टक्केच धरायची, यात चूक काय हे मला कधी आतून पटलंच नव्हतं. शंभर हे मी पाठ केलं होतं, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या हॉलमध्ये दोनदा हातातून निसटलं होतं.

आक्कांनी चरवी खाली ठेवली आणि त्या उठल्या. दूध काढताना मध्येच उठलेल्या आक्का मी पहिल्यांदाच बघत होते.

"हिकडं ये. दावणीला किती म्हशी हायत? मोज."

"पाच."

"चंद्री कुणाची?"

"निम्मी तुमची, निम्मी तुमच्या नणंदेची."

"मग साडेचार म्हण की."

"साडेचार कसं म्हणू आक्का?"

"का गं? साठ टक्के मशिनरी चालती, मग साडेचार म्हशी का चालंनात? निम्मी म्हस बघितलीस का कुठं? मी वैरण निम्म्या म्हशीला घालतो का? शेण निम्म्या म्हशीचं काढतो का? दावं कुणाच्या हातात हाय?"

"तुमच्या."

"दावं ज्येच्या हातात, त्येनं म्हस अख्खी मोजायची. गोठ्यात म्हशी पाच. आन त्येच्या खाली सरळ लिवायचं, ह्यातली निम्मी वन्संची. कापायची बी न्हाय, लपवायची बी न्हाय. झालं!"

देवा! मी तिथंच उडी मारली. पाय शेणात गेला, गेला तर गेला! आठ वर्षांत तीन क्लास, दोन मास्तर आणि ढीगभर व्हिडिओ जे माझ्या डोक्यात घालू शकले नव्हते, ते त्या गोठ्यात एका मिनिटात घुसलं. ताबा म्हणजे दावं! दावं हातात, म्हणून शंभर टक्के. आणि वन्संचा वाटा खाली वेगळा, राजरोस. मी भराभर सगळं प्रकरण आक्कांना परत सांगून टाकलं, बोलता बोलता हात नाचवले, कॉस्टिंग बिचकून मागं सरली. चंद्री मात्र शांत उभी. धार जोरात सुरू.

संपवून मी वाट बघत उभी राहिले. आक्का म्हणाल्या, "हं."

"हं काय आक्का? बरोबर नव्हतं?"

"बरोबर हाय की. पर ते तर मीच सांगितलं. माझंच मला कळलं म्हणून काय सांगू? तुझं तू सांगशील तवा बघू."

दूध नाही ते नाहीच! पण त्या दिवशीच्या कोऱ्या चहाइतका गोड चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही. पुढच्या पाळीला मी तेच प्रकरण घेऊन गेले, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. दुसरं काढ." ते राहिलं ते राहिलंच.

परीक्षेच्या सकाळी आक्का प्रश्न विचारत नसत. मी पाया पडायला वाकले. "जा," त्या म्हणाल्या. "तितं म्हस न्हाय, माणसंच हायत. भ्यायचं काय त्यात?"

पेपर हातात आला. तिसरा प्रश्न. दोन कंपन्या, पंचाहत्तर टक्के. माझ्या हातानं आपोआप मशिनरीचा पाऊण हिस्सा काढायला सुरुवात केली, आणि कानात खणखणीत आवाज आला: निम्मी म्हस बघितलीस का कुठं? मी जोरात काट मारली. शेजारच्या बाकावरची मुलगी दचकली. मग पेन असं सुटलं म्हणता! दावं हातात, म्हस अख्खी. वन्संचा वाटा खाली. दोन्ही बाजू जुळल्या. मला हॉलमध्ये मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, आणि मी दातांत रुमाल धरून पुढचा प्रश्न सोडवला.

निकाल लागला तो संध्याकाळी. साइट अडकलेली. पान उघडेना. आम्ही तिघी एका मोबाइलवर डोकं लावून बसलेलो. मग एकदम उघडलं. मी दोनदा वाचलं, मैत्रिणीला वाचायला लावलं, आणि मग जिन्यावरून जी सुटले ती एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, थेट कोपऱ्यावर. वाटेतच आप्पांना फोन लावला. मागं मोटारीची घरघर चालू होती. मी "झाले आप्पा!" म्हटल्यावर ती बंद पडली. मग आप्पा म्हणाले, "थांब, चेअरमनला सांगून येतो, आमची पोरगी काय येत न्हाय म्हणून!" आणि दुकान तसंच उघडं टाकून ते खरंच पळाले, हे मला आईनं नंतर सांगितलं.

कोपऱ्यावर आक्का ऑडिटची धार काढत होत्या. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती.

"आक्का! झाले!"

त्यांनी मान वर केली नाही. "झालीस?"

"झाले आक्का, झाले!"

"मग काय. झाली खोली रिकामी. आता हुडका भाडेकरू."

एवढंच! मी धापा टाकत उभी. पेला संपवलेल्या गिऱ्हाइकानं पैसे पुढं केले, तर आक्कांनी त्याचा हात मागं ढकलला. "आज न्हाय पैसं."

"का वो आक्का?"

"म्हशी जास्ती द्याय लागल्यात. तुला प्यायचं हाय का चौकशी करायचीया?"

त्या संध्याकाळी कोपऱ्यावर दूध संपेपर्यंत फुकट वाटलं गेलं. लोक मला विचारत होते काय झालं, आणि आक्का सगळ्यांना म्हशीचंच कारण सांगत होत्या.

पण त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशाच झाल्या. मला पुण्याला नोकरी लागली, तारीख ठरली, सामान बांधलं गेलं, आणि आक्का समोरून जाताना म्हशींशी बोलायच्या, माझ्याशी नाही. मला फार लागलं ते. रागही आला. चार वर्षं ज्यांच्या गोठ्यात उभी राहिले, त्यांना माझ्यापेक्षा खोलीची काळजी?

निघायच्या दिवशी पहाटे मी बॅग घेऊन खाली उतरले. पुण्याची गाडी सहाची. आक्का चंद्रीखाली बसलेल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाचीच पाळी लावली नव्हती. रेडकू पाजून बाजूला बांधलेलं. आणि धार येत नव्हती.

आक्कांनी कास कुरवाळली, तोंडानं चुचकारलं, आंबोणाची पाटी पुढं सरकवली. काही नाही. त्या चिडल्या. "काय झालंय हिला आज? कोण बोलतंय तरी का हितं?"

कुणीच बोलत नव्हतं. मी नुसती दारात उभी होते. आक्कांनी कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवलं आणि ते तसंच ठेवलं, वर उचललंच नाही. हात कासेवर होते, पण चालत नव्हते. माझा चार वर्षांचा संशय त्या क्षणी फिटला. म्हैस कधीच खोटं बोलली नव्हती.

मी बॅग खाली ठेवली आणि जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिले.

"आक्का, राहिलेलं प्रकरण सांगते. माझं मी."

मी हात मागं बांधून सुरुवात केली.

"मलकापूरला आप्पांची एक पोरगी आहे. चार वर्षं तुमच्या दावणीला होती. आता तिची मोजदाद करायचीय. आप्पांनी निम्मी मोजायची का? नाही. निम्मी पोरगी कुणी बघितलीय? अख्खीच मोजायची." मी चंद्रीच्या कासेकडं बघितलं. "आणि खाली लिहायचं, हिच्यातली निम्मी आक्कांची. कापायची पण नाही, लपवायची पण नाही."

चरवीत एक धार वाजली. मग दुसरी. मग चांगली जोरात सुरू झाली.

"कळलं," आक्का म्हणाल्या. कपाळ अजून चंद्रीच्या पोटालाच होतं. "गाडी चुकली तर चुकू दे. पेला आण."